अडीचशे रुपये आणि बेचाळिसावा दिवस : आशाताईंच्या मोबदल्यामागचा इतिहास

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांनी, त्या घरी सहा खेपा घालायच्या असतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक खेप वाढते. दर वेळी आधी हात धुवायचे. मग बाळाला झोळीत ठेवून काट्याला लावायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ बघायची, बाळ अंगावर नीट ओढतंय का ते बघायचं. आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हे सासूच्या देखत विचारायचं (आणि खरं उत्तर मिळावं म्हणून सासू आत गेल्यावर पुन्हा विचारायचं). सगळं फॉर्मवर भरायचं.

२०११ साली केंद्राने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही योजना देशभर लागू केली तेव्हा या सगळ्याचे मिळून २५० रुपये ठरले. सहाने भागा: एका खेपेचे ४१ रुपये ६७ पैसे. पैसे हातात पडायलाही अटी होत्या. बाळाचं वजन कार्डावर चढलेलं हवं, पहिल्या लसी झालेल्या हव्यात, जन्माची नोंद झालेली हवी. आणि आणखी एक: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.

ही शेवटची अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चुकून वाचली असं वाटलं. नियमाच्या शब्दाला धरून बोलायचं तर, पाच खेपा घालूनही बाळ दगावलं तर त्या पाच खेपांचं काही नाही. एखाद्या सर्जनला असा नियम लावून बघा!

पण ही अट कुणी दुष्टाव्याने घातलेली नाही. उलट ती एका चांगल्या विचाराच्या पोटी जन्मली. कामाची किंमत पदवीवरून किंवा फीवरून ठरवू नये, त्या कामाने गावाचं काय भलं झालं यावरून ठरवावी, असा तो विचार. त्याचा प्रवास बराचसा आपल्याच मुलखातून झाला आहे.

१९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. कायम दुष्काळी भाग. शिकलेल्या नर्सना खेड्यात पाठवायचं, हा पहिला बेत फसला. परक्या बाईचं कोण ऐकणार? मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि तिला जामखेडला बोलावून शिकवायचं, असं ठरलं. यातल्या कित्येकजणी दलित वस्तीतल्या होत्या, बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यातून एकदा यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावात जाऊन तेच दुसऱ्यांना शिकवायच्या. ज्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या हातांनी वरच्या आळीतली बाळंतपणं व्हायला लागली, हा त्यातला माझ्या मते सगळ्यात मोठा बदल. तो कुठल्या तक्त्यात बसत नाही.

तक्त्यात बसेल असाही एक आकडा होता. १९७१ मध्ये त्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदीच्या दशकात हे प्रमाण तिशीच्या आत आलं. दवाखान्याचं यश किती पेशंट आले यावरून ठरतं. जामखेडने ते किती आले नाहीत यावरून ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांचं एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथे १३४ देशांनी 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा केली, तिच्यामागे हेच अनुभव होते. आरोळे दांपत्याला पुढच्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या त्या बाया पगारी नोकर नव्हत्या आणि हे जाणूनबुजून होतं. नोकर झाली की ती गावाची न राहता खात्याची होते, असा त्यामागचा विचार. पोटापाण्यासाठी त्यांना छोटे धंदे शिकवले गेले. चीनमध्ये याच काळात गाजत असलेल्या 'अनवाणी डॉक्टरां'ची सोय वेगळी होती. त्यांच्या आरोग्याच्या कामाला शेतकामासारखेच गुण लागायचे आणि सामायिक उत्पन्नातला वाटा त्या गुणांवर मिळायचा. लस टोचणं आणि भात लावणं एकाच वहीत. आपल्याकडे अशी वहीच नव्हती.

दिल्लीने २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारच्या काळात देशभर गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमायला घेतले, हजार वस्तीमागे एक. मानधन महिना ५० रुपये. जामखेडच्या उलट, इथे भरती झाले ते मुख्यतः पुरुष. योजनेची नावं दोन-तीनदा बदलली, पुढे पैसे आटले आणि ती विझली. तिच्यातून टिकून राहिलं ते एवढंच, की असं काम करणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हणायचं आणि पैशाला 'मानधन'.

खरी मोजणी झाली गडचिरोलीत.

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजायला हवं. गावातल्या सुईणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यावर निघालेला तोडगा मला अजूनही कौतुकाचा वाटतो: लाकडी पाटीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या ओळीत पाच पांढरे मणी आणि सहावा लाल, मोठ्या मुलांच्या ओळीत चार पांढरे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. मोजायचं फक्त दहापर्यंत.

पुढची पायरी नवजात बाळांची. १९९३ पासून ३९ गावांत हे काम झालं, शेजारची ४७ गावं तुलनेला होती. पहिली दोन वर्षं नुसती नोंद केली, मग पाचवी-दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ वर आला होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता निव्वळ घट ६२ टक्के. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये. आणि १९९७-९८ या वर्षी दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

एका बाईच्या वर्षभराच्या कामाने किती जीव वाचतात, हे आता अंदाजाने सांगायचं कारण उरलं नाही. तिची वही उघडून अठराने भागलं की झालं. नफ्याऐवजी समाजोपयोगाच्या मापाने माणसाचं काम मोजता येत नाही म्हणणाऱ्यांना हे गडचिरोलीचं उत्तर. पण सरकारी टेबलावर गेल्यावर त्या दोन आकड्यांपैकी अठराचा आकडा मागे पडला आणि सव्वापाच डॉलरचा लक्षात राहिला. काम स्वस्तात होतं, हे सिद्ध झालं होतं ना!

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 'आशा' आली. मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं की ती मानसेवी स्वयंसेविका असेल, तिला पगार किंवा मानधन मिळणार नाही. तिच्या नेहमीच्या रोजीरोटीत अडथळा येणार नाही अशा बेताने काम दिलं जाईल. दिवसाचे दोन-तीन तास, आठवड्यातले चारेक दिवस. पैसे मिळणार ते कामागणिक, ज्याला आपल्याकडे 'मोबदला' म्हणतात. प्रसूतीला बाई दवाखान्यात नेली, अमुक. क्षयाचा पेशंट औषधं संपेपर्यंत सांभाळला, तमुक. महिनाअखेरीला फॉर्म, त्यावर सिस्टरची सही, मग पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), मग वाट बघणं. कळा काही आठवड्यातले चार दिवस बघून येत नाहीत आणि रात्री दोनला दार वाजलं तर 'माझे तीन तास भरले' असं कुणी आशाताई म्हणत नाही. फॉर्मवर या वेळेचा रकाना नाही.

इथे महाराष्ट्राने आपलाच एक जुना वाद आठवायला हवा होता. १९ मार्च १९२८ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. वतनदार महार गावाचा, पाटलाचा, सरकारचा, सगळ्यांचाच चाकर. कामाला ठरलेले तास नाहीत, बोलावणं येईल तेव्हा जायचं, तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि रयतेने दिलं तर बलुतं. याला गावाने 'मान' म्हटलं होतं, वतन म्हणजे हक्क म्हटलं होतं. बाबासाहेबांचं म्हणणं रोखठोक होतं: बलुत्याचे रोख पैसे करा, कामं नेमून द्या, कुणाची चाकरी करायची ते ठरवून द्या. ते विधेयक तडीस गेलं नाही. ही वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

आशापद वंशपरंपरेने येत नाही आणि ती ते सोडू शकते, हा फरक मोठा आहे. पण मानाने भागवायचं आणि कामाची हद्द मोकळी ठेवायची, ही रीत ओळखीची वाटते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात याहून चमत्कारिक गोष्ट घडते. बाजारात विकल्या न जाणाऱ्या सरकारी सेवेचं मोल तिच्यावर झालेल्या खर्चाइतकं धरतात, कारण विक्रीची किंमतच नसते. म्हणजे आशाताईंच्या कामाने देशाच्या उत्पन्नात किती भर पडली? तिला जेवढे दिले तेवढी. कमी दिले की काम कमी मोलाचं, आणि काम कमी मोलाचं म्हणून पैसे कमी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. आपली राष्ट्रीय उत्पन्न समिती १९४९ मध्ये बसली, महालनोबिस अध्यक्ष, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. घरातल्या बायकांचं काम तिच्याही हिशेबाबाहेर राहिलं. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आशा निवडायची ती गावातली सून, हे ठरवताना ही २९९ मिनिटं कुणी वजा केली नव्हती.

मग करोना आला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. केंद्राचा जादा भत्ता महिना १,००० रुपये, रोजचे ३३. जून २०२१ मध्ये त्यांनी संप केला. आठवडाभराने १,५०० रुपयांची वाढ मिळाली, त्यातले ५०० करोना भत्त्याचे. स्थायी कामगार म्हणून मान्यतेची मागणी तशीच राहिली. ती काही नवी नाही: आशा, अंगणवाडी सेविका अशा सरकारी योजनांवर काम करणाऱ्या 'योजना कर्मचाऱ्यां'ना कामगार माना, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मानधन म्हणा की आणखी काही, त्या कायद्यापुरतं ते वेतनच. हा निकाल आशांचा नव्हता. महिन्याच्या आत, २२ मे रोजी, आशांनाही काहीतरी मिळालं: जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांचा जागतिक सन्मान, देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांना मिळून एक.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक पुन्हा संपावर गेल्या. सात हजारांच्या वाढीची घोषणा झाली, जीआर (शासन निर्णय) निघेना. जानेवारीत पुन्हा संप. फेब्रुवारीत त्या शहापूरहून ठाण्यापर्यंत चालत आल्या, मग आझाद मैदानात बसल्या. मार्च २०२४ मध्ये आशांना महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. ती दरमहा ठरलेली आहे. कुणाचं बाळ बेचाळिसाव्या दिवशी कसं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. बाळाच्या खेपांचा फॉर्म वेगळा भरायचा.