माकडाचा रस आणि बारचा दिवा

आमच्या संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये एक गृहस्थ असतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते दर शुक्रवारी घरी जाताना मध्येच उतरून एका लेडीज बारमध्ये जात. हे त्यांनीच मला दादर ते कुर्ला एवढ्या वेळात सांगून टाकलं होतं. परवा पेपरात एमडी नावाचा नशेचा माल पकडल्याची बातमी होती. ती पुढे करून म्हणाले, "बारमध्ये नाचणारी ती पण हेच घ्यायची, सर. सोडव म्हणून मी पैसे दिले. एकदा पंधरा हजार, एकदा वीस. आठ दिवस बरी असायची, की परत सुरू. या बायकांना इच्छाशक्तीच नाही हो."

मी औषधशास्त्र शिकवतो. 'इच्छाशक्ती' म्हटलं की माझी चिडचिड होते, म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी. परदेशी सिनेमांतले स्ट्रिप क्लब आणि आपले डान्सबार यांत फरक आहे. इथे बाई साडी किंवा घागरा-चोळी नेसून नाचते आणि गिऱ्हाईक नोटा उडवतं. दुसरं म्हणजे, सगळ्याच जणी नशा करतात असं अजिबात नाही. पण रात्रभर पायावर उभं राहायचं, झोप मारायची, लाज मारायची, आणि वर कुणीतरी प्रेमाने पेग पुढे करणार. अशा कामात नशा हे कामाचं हत्यार होऊन बसतं. आधी दारू, मग कुणीतरी पुडी देतं.

त्या पुडीत मुंबईत बहुतेकदा असतं ते मेफेड्रोन, म्हणजेच एमडी किंवा 'म्याव म्याव'. हा रेणू पहिल्यांदा १९२९ साली तयार झाला, पण आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आला २०१५च्या फेब्रुवारीत. उंदरांच्या मेंदूतल्या 'न्यूक्लियस अक्युंबन्स' या वाटाण्याएवढ्याही नसलेल्या भागात मेफेड्रोनमुळे डोपामाइन नेहमीच्या साधारण पाचपट होतं आणि सेरोटोनिन नऊपट. (ही दोन्ही मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारी रसायनं.) असर दोन-तीन तासांत उतरतो. मग अंग गळतं, मन काळवंडतं, आणि फ्लोअर बंद व्हायला अजून वेळ असतो. मग पावडरची दुसरी ओळ नाकात ओढली जाते.

आता माझा लाडका विषय. डोपामाइन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं सर्रास छापून येतं. ते चूक आहे, आणि रीलवरच्या 'डोपामाइन डिटॉक्स'वाल्यांनी त्या चुकीचा धंदा केला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींचे ठोके ऐकले. माकडाच्या तोंडात अचानक फळांचा रस पडला की पेशी तडतडायच्या. मग रसाआधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी रस आला तरी पेशी ढिम्म, आणि दिवा लागला की तडतड! एखाद वेळी दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. रस तोच आणि त्याची चवही तीच, मग बदललं काय? तर अंदाज. या पेशी मोजतात तो फरक असतो: मिळालं किती, वजा अपेक्षित होतं किती. १९९७ साली शुल्ट्झ, दायान आणि मॉन्टेग्यू यांनी हे गणित मांडलं. या कामासाठी शुल्ट्झ आणि दायान यांना रे डोलन यांच्यासोबत २०१७चं 'ब्रेन प्राइझ' मिळालं.

हे आकड्यांत बघू. (ज्यांना आकड्यांचा कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. मला मात्र तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

समजा एखाद्या गोष्टीतून दर वेळी १०० गुण सुख मिळतं. सुरुवातीला अपेक्षा शून्य, म्हणून फरक १००. मेंदू फरकाच्या निम्म्याने अपेक्षा वाढवतो, असं धरू. अपेक्षा ५०, मग ७५, मग ८७.५. फरक घटत घटत शून्याकडे जातो आणि शिकणं थांबतं. म्हणून रोजच्या वडापावाने मेंदू पहिल्यासारखा चमकत नाही. आता नशा घेऊ. पदार्थ डोपामाइनला थेट ढकलतो, अपेक्षा कितीही असो. या ढकलीचे ४० गुण धरू आणि फरक ४०च्या खाली जाऊच शकत नाही, असं मानू. पहिल्या वेळी फरक १४०, अपेक्षा ७०. दुसऱ्या वेळी फरक ७०, अपेक्षा १०५. तिसऱ्या वेळी हिशेबाने ३५ यायला हवेत, पण ढकल ४०ची, म्हणून अपेक्षा १२५. मग १४५, १६५... दर खेपेला २०ची भर, थांबणं नाही. मिळणारं सुख तेवढंच असतं, किंबहुना कमीच होत जातं, पण मेंदूच्या वहीत त्या वस्तूची किंमत चढत राहते. हे प्रारूप मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड रेडिश यांनी २००४ साली मांडलं. पुढे कोकेन दिलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचं एक भाकीत चुकलं, तेव्हा हे अंतिम सत्य नव्हे. तरी 'आवडत नाही पण हवं असतं' ही व्यसनी माणसाची तक्रार इतक्या कमी ओळींत बसवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

आता दिव्याकडे परत या. माकडाचा दिवा म्हणजे बारमध्ये काय काय? फिरणारे रंगीत लाइट, मेकअप रूमचा वास, ठरावीक गाणं, रात्री अकराची वेळ. हातात पडलेली रोख रक्कम हा तर ओळखीचा दिवा. व्यसनमुक्ती केंद्रांत सुरुवातीला पैसे घरच्यांकडे ठेवायला सांगतात ते यासाठीच. आणि आमच्या गृहस्थांसारखं नेहमीचं गिऱ्हाईक? पेग पाजणारं, कोपऱ्यातलं टेबल धरणारं, महिन्याकाठी नोटांचा गठ्ठा देणारं गिऱ्हाईक हाही एक दिवाच. ते समोर येऊन बसले की तिच्या मेंदूत रस यायच्या आधीची तडतड सुरू होत असणार. "सोड गं" म्हणत ते जे पुढे करायचे, त्यातच आग लावायची काडी होती.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तीनच दिसतात. कुणी तिच्या लालसर डोळ्यांकडे बघून दुसऱ्या टेबलाला जातं. कुणी स्वतःच पुडी आणतं, कारण मग ती जास्त वेळ बसते. तिसरा तारणहार: "तुला इथून काढतो." तिघांच्याही लक्षात येत नाही की फ्लोअरसमोर त्यांच्या मेंदूत तेच यंत्र चाललेलं असतं. २००३मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने दाखवलं की बक्षीस मिळायची शक्यता बरोबर निम्मी असते, तेव्हा वाट बघण्याच्या काळात डोपामाइन पेशींची कुरकुर सर्वांत जास्त असते. तिने बघितलं ते माझ्याकडे की मागच्या टेबलाकडे? या निम्म्या-निम्म्या प्रश्नावर अख्खा धंदा उभा आहे.

मग जागाच काढून टाकली तर? व्हिएतनाममध्ये सुमारे २० टक्के अमेरिकन सैनिकांना अफूजन्य नशेचं व्यसन लागलं होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा मागोवा घेतला, तर त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले. दिवे तिकडेच राहिले होते. आपल्याकडे २००५ साली डान्सबारवर बंदी आली, उच्च न्यायालयाने २००६मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, २०१९मध्ये पुन्हा निकाल आला. आता कायद्याने टीप चालते, नोटा उडवणं चालत नाही. पण सैनिकाला परतायला घर होतं, नोकरी होती. बारमधल्या बाईचा दिवा विझवला आणि सोबत चूलही विझवली. त्याला उपचार म्हणत नाहीत.

लोकलच्या डब्यात 'न सांगता नशा सोडवा' म्हणून कागद चिकटवलेले असतात, त्याबद्दल दोन शब्द. तिथे मिळणाऱ्या पुड्यांत कधीकधी डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध सापडतं. दारू पचताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड त्यामुळे अंगात साठतं. उलट्या, धडधड, घसरणारा रक्तदाब. चहातून गुपचूप दिलं आणि माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. आणि एमडी सोडवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. असले कागद चिकटवणाऱ्या बाबांना डोपामाइन आणि सेरोटोनिन यांतला फरक विचारावा.

"मग मी काय करायला हवं होतं?" गृहस्थ म्हणाले. जरा रागानेच.

मी सांगितलं ते असं. एमडीवर नेमकं औषध अजून नाही. पण उत्तेजक नशांवर पुराव्याच्या कसोटीला चांगला उतरलेला एक उपचार आहे: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, पुढची स्वच्छ आली की थोडं मोठं. तेच यंत्र, उलट्या बाजूने फिरवलेलं. तुमचे वीस हजार होतेच, फक्त ते तपासणीच्या आधी आणि बारमध्ये दिले गेले. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. तो नंबर तिला दुपारी, बारच्या बाहेर द्यायचा. पोलिसांची भीती वाटत असेल तर सांगायचं की एनडीपीएसमध्ये ६४-अ कलम आहे. नशा करण्याच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यात अडकलेली व्यक्ती स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करते, तेव्हा तिच्यावरचा खटला टळतो.

ते गप्प झाले. घाटकोपर गेलं. मग गाडी वेग घेता घेता त्यांनी बोलणं अर्धवट सोडलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बंद पडलेल्या बारची पाटी आहे, ट्यूब कधीच गेलेली. बघितलं आणि परत माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणत होतो मी?"