पराभूत उमेदवार आणि निवडणुकीतल्या गडबडीचा आरोप

निवडणूक हरलेल्या उमेदवाराने मतदानात किंवा मोजणीत गडबड झाल्याचा संशय उघडपणे मांडणं, मग ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे म्हणजे आरओपुढे लेखी असो, हायकोर्टात असो नाहीतर पत्रकार परिषदेत, त्याबद्दलची ही नोंद. मराठीत यावर लोकांची प्रतिक्रिया ठरलेली असते, रडीचा डाव, नाचता येईना अंगण वाकडं, आणि हल्ली सगळ्यात जास्त म्हणजे ‘फोडलं खापर ईव्हीएमवर’. पण आपला निवडणूक कायदा बघितला तर तो बराचसा हरलेल्या माणसाच्याच भरवशावर उभा आहे, कारण जिंकलेला कशाला तक्रार करेल, अधिकारी स्वतःविरुद्ध करणार नाहीत, आणि मतदाराला याचिकेचा हक्क असला तरी त्याच्या हातात कागद नसतात, ते असतात उमेदवाराच्या एजंटकडे. म्हणजे हरलेल्याने बोलायलाच हवं. भांडण आहे ते कुठे, कधी आणि काय हातात घेऊन बोलायचं याचं.

कागद म्हणजे मुख्यतः फॉर्म १७ सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष ईव्हीएमच्या कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या पेटीवरचं, क्लोज बटण दाबतो, एकूण किती मतं पडली ते या फॉर्मवर लिहितो आणि हजर असलेल्या पोलिंग एजंटला त्याची प्रत देतो. हजर असलेल्या, हे महत्त्वाचं, कारण पुष्कळ एजंट शेवटच्या तासाला सटकलेले असतात आणि मग तो कागद पक्षाकडे पोचतच नाही. मोजणीच्या दिवशी जाळीच्या अलीकडे बसलेला काउंटिंग एजंट मशीनचा नंबर, सीलचा नंबर आणि डिस्प्लेवरचा आकडा त्या १७ सीशी ताडून बघतो, आणि जुळत नसेल तर तिथेच, त्याच राउंडला हरकत घ्यायची असते. शेवटची बेरीज जाहीर झाल्यावर निवडणूक नियमांतल्या नियम ६३ खाली फेरमोजणीचा लेखी अर्ज करता येतो, कारणं देऊन. आरओने फॉर्म २० वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, सही केली की ती खिडकी बंद, त्यानंतर हॉलच्या बाहेर कितीही घोषणा द्या.

त्यापुढचा रस्ता हायकोर्टाचा. संविधानाच्या कलम ३२९ प्रमाणे निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच देता येतं, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सांगतो की ती निकालापासून ४५ दिवसांत दाखल व्हायला हवी, सोबत २,००० रुपये अनामत. सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असंही कायद्यात लिहिलंय, पण ते कायद्यातच राहतं. नुसती गडबड झाली म्हणून भागत नाही, त्या गडबडीने निकाल फिरला हे दाखवावं लागतं. भ्रष्ट आचरण सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटने ते केलं असेल तर मताधिक्य कितीही असो, निवडणूक रद्द होते.

१९७१ ची लोकसभा निवडणूक यासाठी बघण्यासारखी आहे. दक्षिण दिल्लीत हरलेले बलराज मधोक म्हणाले की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केली होती, मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि आधीच मारलेला अदृश्य शिक्का वर येतो. सुप्रीम कोर्टाने नमुन्यादाखल मतपत्रिका तपासायला परवानगीही दिली, पण शाईच्या आरोपातून काही निष्पन्न झालं नाही. रायबरेलीत राज नारायण इंदिरा गांधींकडून एक लाखाहून जास्त मतांनी पडले होते, त्यांची याचिका अलाहाबाद हायकोर्टात टिकली, आणि टिकली ती अगदी रुक्ष मुद्द्यांवर, सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूर यांना प्रचारात वापरलं आणि सभेची स्टेजं, वीज यासाठी उत्तर प्रदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांना जुंपलं. १२ जून १९७५ ला न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी निवडणूक रद्द केली, पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. जादूच्या शाईपेक्षा स्टेजच्या फळ्या जड निघाल्या.

मुंबईचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण विलेपार्ल्याचं. डिसेंबर १९८७ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू जिंकले आणि हरलेले काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले, मुद्दा मशीन-मोजणीचा नव्हता, धर्माच्या नावावर मतं मागितली असा होता आणि पुरावा म्हणजे प्रभूंच्या प्रचारातली बाळासाहेब ठाकऱ्यांची जाहीर भाषणं. १९८९ मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं आणि त्यातूनच पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. कुंटे गप्प बसले असते तर यातलं काहीच घडलं नसतं. अर्थात तोवर ती विधानसभा कधीच संपलेली होती, त्यामुळे हरलेल्याला खुर्ची मिळते म्हणून कोणी या वाटेला जात असेल तर जाऊ नये.

अलीकडचं म्हणजे २०२४ चं मुंबई उत्तर पश्चिम. गोरेगावच्या नेस्कोत मोजणी, ईव्हीएमच्या मतांत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे, पोस्टल मतं धरल्यावर शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी. एवढ्या फरकावर शंका घेतली म्हणून कोणी नावं ठेवू नयेत, फेरमोजणी मागणं हे उमेदवाराचं कामच आहे. पण मग वायकरांच्या नातेवाइकाकडे हॉलमध्ये मोबाइल होता अशी तक्रार झाली, वनराई पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि ‘फोनवर ओटीपी येऊन ईव्हीएम उघडलं’ अशी बातमी देशभर फिरली. आरओ वंदना सूर्यवंशी यांनी सांगितलं की मशीन कशालाच जोडलेलं नसतं, त्याला ओटीपी लागत नाही, ज्या वृत्तपत्राने छापलं त्यानेही चूक मान्य केली. ओटीपीच्या गोंधळात खरा चर्चेचा मुद्दा मागे पडला, ते म्हणजे ३३३ टेंडर व्होट, आपल्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय असं कळल्यावर मतदाराला जे वेगळं मत देता येतं ते. कीर्तिकरांची याचिका यावर होती, पण डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती साक्षीपुराव्यापर्यंत जाऊ न देता सुरुवातीलाच फेटाळली, याचिकेत ठोस तथ्यं पुरेशी मांडलेली नाहीत म्हणून. ४८ मतांच्या निकालाचं हे झालं, तर हजारोंच्या फरकाने पडलेल्यांनी किती तयारीने जायला हवं याचा हिशोब करा.

त्याच वर्षी विधानसभेनंतर आरोपांचा पूर आला. दहिसरच्या एका उमेदवाराला घरच्या केंद्रावर घरच्यांचीही मतं मिळाली नाहीत असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं, निवडणूक कार्यालयाने त्या केंद्रावर त्याला ५३ मतं असल्याचं सांगितलं, पण ते किती ग्रुपवर पोचलं कोण जाणे. संध्याकाळी ६ नंतर पडलेल्या सुमारे ७६ लाख मतांचा मुद्दा घेऊन विक्रोळीचा एक मतदार हायकोर्टात गेला, उमेदवार नव्हे, आणि जून २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीची केस तर उलटीच, तिथे माळशिरसमधून जिंकलेल्या उत्तम जानकरांच्या समर्थकांनी गावात मतं कमी कशी पडली म्हणून ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं आणि पोलिसांनी ते होऊ दिलं नाही.

यात कुठल्या एका पक्षाचा मक्ता नाही. २००९ ला हरल्यावर अडवाणींनी ईव्हीएमवर शंका घेतली होती. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताच्या छापील चिठ्ठ्यांच्या, मोजणीची मागणी नाकारली, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनची तपासणी मागता येईल असं सांगितलं, आणि लोकसभेनंतर अर्ज करणाऱ्यांत अहमदनगरला हरलेले भाजपचे सुजय विखेही होते, तब्बल ४० मशीनसाठी. फी सुरुवातीला मशीनच्या प्रत्येक सेटमागे ४०,००० रुपये अधिक जीएसटी. तपासणीच्या नावाखाली निवडणूक आयोग मॉक पोल, म्हणजे नुसतं चाचणी मतदान, घेत होता, त्यात मूळ डेटा जातो ही तक्रार रास्त होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टानेही डेटा पुसू नका असं आयोगाला बजावलं.

बोलून उपयोग होतो याचा ताजा पुरावा म्हणजे चंदीगड. ३० जानेवारी २०२४ च्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकारी कॅमेऱ्यासमोर मतपत्रिकांवर खुणा करताना दिसला, आठ मतं बाद झाली, हरलेले कुलदीप कुमार कोर्टात गेले आणि २० फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने त्यांनाच विजयी घोषित केलं. तीन आठवड्यांत. आफ्रिकेतल्या मलावीत तर २०१९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक निकालपत्रकांवर व्हाइटनर मारल्यामुळे कोर्टाने रद्द केली आणि फेरनिवडणुकीत आधी हरलेले लाझारस चक्वेरा जिंकले. दोन्हीकडे दाखवायला काहीतरी होतं, व्हिडिओ नाहीतर कागद. आणि आपल्याकडे नेमकं हेच दाखवायचं साहित्य आक्रसत चाललंय, डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारखं रेकॉर्ड लोकांना बघायला बंद केलं, आणि मे २०२५ मध्ये आयोगाने कळवलं की याचिका नसेल तर फुटेज ४५ दिवसांनी नष्ट करा. पुरावा मागा म्हणायचं आणि पुराव्याचं कपाट बंद करायचं, हे काही बरोबर नाही, आयोगाने कितीही गोपनीयतेचं कारण दिलं तरी.

महापालिकेचं गणित वेगळं आहे. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि मुंबईत हरलेल्या नगरसेवक-उमेदवाराला हायकोर्टात नाही तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मुख्य न्यायाधीशांपुढे जावं लागतं, १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३३ खाली, आणि मुदत फक्त दहा दिवसांची. वॉर्डात पडलेली बरीच मंडळी तेवढे दिवस आभाराचे आणि आरोपाचे बॅनर लावण्यात घालवतात, वकिलाकडे पोचतात तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.