जपानी क्लासिक कार रिस्टोरेशन (मुंबई)

जुनी जपानी स्पोर्टी गाडी शोधायची, खोलायची, गंज कापून काढायचा, परत रस्त्यावर आणायची आणि मग रविवारी पहाटे मित्रांबरोबर मनसोक्त फिरवायची, असा हा छंद. मुंबईत तो एकट्याने जमत नाही. एकाकडे बंद शेड असते, दुसऱ्याकडे टूल्स, तिसऱ्याची लेथवाल्याशी ओळख आणि चौथ्याकडे नुसता वेळ, आणि एक गाडी उभी करायला हे सगळंच लागतं.

जपानमधली मूळ मंडळी म्हणजे १९६७ ची टोयोटा २०००जीटी, यामाहाच्या मदतीने बनलेली, एकूण फक्त ३५१ गाड्या. त्याच वर्षीची रोटरी इंजिनवाली (पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर) माझदा कॉस्मो. पण साध्या नोकरदाराला परवडेल अशी स्पोर्ट्स कार जगभर पोचवली ती १९६९ मध्ये आलेल्या डॅटसन २४०झेडने, २.४ लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर. पुढे १९८३ ची हलकी मागच्या चाकांवर चालणारी कोरोला एई८६, १९८९ ची माझदा एमएक्स-५ आणि त्याच वर्षीची निसान स्कायलाइन जीटी-आर आर३२, जिने १९९० ते १९९३ मध्ये जपानच्या टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या २९ पैकी २९ रेस मारल्या. तेव्हा जपानी कंपन्या आपसातल्या समजुतीने २८० पीएस (हॉर्सपॉवर) पेक्षा जास्त ताकद कागदावर दाखवत नसत, ते २००४ पर्यंत चाललं.

या गाड्या मुंबईत फार कमी दिसतात, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली कार साधारणपणे भारतात आणताच येत नाही आणि ड्युटीही जबर आहे. त्यामुळे इथल्या पोरांच्या खऱ्या क्लासिक म्हणजे इथेच बनलेल्या जपानी गाड्या. १९९३ ची मारुती झेन, तिचं ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन आजही काय पळतं. मारुतीचीच एस्टीम. १९९८ ला आलेली पहिली होंडा सिटी, आणि तिची १०६ बीएचपीची व्हीटेक इंजिनवाली आवृत्ती तर सगळ्यांच्या जीवाची. आणि हिंदुस्तान मोटर्सने १९९८ पासून चेन्नईजवळ तिरुवल्लूरला बनवलेली मित्सुबिशी लान्सर. कोणी म्हणेल या काय क्लासिक, पण ज्यांनी शाळेत असताना सोसायटीच्या गेटवर लान्सर वळताना बघितली त्यांना विचारा.

कामाची सुरुवात इंजिनापासून करायची नाही, पत्र्यापासून करायची. खारी हवा आणि चार महिने पाऊस, मुंबईची गाडी आतून सडते. कार्पेट उचललं की फ्लोअर कळतो, पुढच्या काचेच्या रबराखाली बोट फिरवलं की पापुद्रे हाताला येतात, आणि रनिंग बोर्डची (दाराखालच्या पट्टीची) पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतील तर आतला पत्रा गेलाच समजा. वरून पुट्टी भरून रंग मारून दिलेली गाडी दोन पावसाळे काढत नाही, म्हणून सडका पत्रा कापून नवीन वेल्ड करणारा डेंटर ज्या ग्रुपला मिळाला तो ग्रुप नशीबवान.

मग ब्रेक, म्हणजे त्याच्या पाइपांत अडकलेली हवा काढायची. इथे मित्र लागतोच. एक जण सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा चाकाजवळ आडवा होऊन ब्रेकच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) नळी लावतो, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं, आणि मग 'दाब, दाब, धर!', निपल उघडला की बुडबुडे येतात, निपल बंद झाल्यावर 'सोड'. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, चारही चाकांना. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं जुनं ऑइल पूर्ण काढायचंच.

तिसरी डोकेदुखी आता पेट्रोलची. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी पाइपांना आणि सीलना मानवत नाही, शिवाय इथेनॉल पाणी धरतं, म्हणजे टाकी आतून गंजायला मोकळी. पाइप इथेनॉलला चालतील असे बदलून घ्यावेत, हा खर्च टाळू नये.

टोयोटाने २०२० पासून आपल्या जुन्या सुप्रा स्पोर्ट्स कारचे आणि निसानने २०१७ पासून आर३२ चे काही पार्ट परत बनवायला घेतले. इथे मात्र कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार हाच आधार. जुना पार्ट सोबत घेऊन जायचं, फोटोवर भागत नाही. नाहीच मिळाला तर ग्रुपमधल्या कोणाच्या भंगारात काढलेल्या गाडीतून निघतो, म्हणून अशी एक गाडी सगळ्यांनी मिळून घेऊन ठेवतात.

कागद सांभाळणं हा कामाचाच भाग आहे. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाडीलाच मिळते, म्हणजे लान्सरवाल्यांना १५ वर्षांनंतर फिटनेस, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आमचं मत विचाराल तर मूळ सिटी व्हीटेक जशी कंपनीतून निघाली तशीच सुंदर आहे, तिला मोठा सायलेन्सर लावून काही मिळत नाही.

ड्राइव्ह पहाटेच. ईस्टर्न फ्रीवेने चेंबूर, मग पनवेल, आणि एक्सप्रेसवे सोडून जुन्या हायवेने खोपोली. वडापाव, चहा, सगळ्यांची बॉनेट उघडून तपासणी, मग बोरघाट. शिंगरोबाच्या देवळाशी हात जोडून वर लोणावळा. गरम व्हायला लागलेली गाडी मागे टाकून कोणी पुढे जात नाही, हा ग्रुपचा नियम.

जून ते सप्टेंबर लांबच्या ड्राइव्ह बंद ठेवतात. पण गाडी कव्हरखाली चार महिने सोडायची नाही, आठवड्यातून एकदा उघडीप बघून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवायची आणि ओल्या गाडीवर कव्हर टाकायचं नाही. गावाला जाणाऱ्याची चावी मित्राकडे असते.