दार लावलंय, पण ढकलून पाहिलं का?

नवा सर्व्हर इंटरनेटला जोडून तासाभराने लॉग, म्हणजे त्यावर घडलेल्या गोष्टींची नोंदवही, उघडला, की पोटात गोळा येतो. पत्ता कुणालाही सांगितलेला नसतो, तरी 'रूट', 'ॲडमिन' अशी नावं लावून कुणीतरी पासवर्ड आजमावत असतं. यात वैयक्तिक वैर काही नाही. आयपीव्ही-४ या इंटरनेटच्या पत्ते-पद्धतीतले सगळे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झीमॅप' हा प्रोग्राम लिहून दाखवलं, की एकटा संगणक त्यातल्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांचं एकेक दार पाऊण तासात वाजवू शकतो.

अंदाज बांधता येतो तो पासवर्डचा, म्हणून पासवर्डच नको. सर्व्हरशी दुरून बोलण्याची एसएसएच ही पद्धत तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिली, तीच मुळी त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यावर. तिच्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खाजगी किल्ली आपल्या संगणकातून हलवायची नाही. आत जाताना आपला संगणक त्या भेटीपुरत्या मजकुरावर खाजगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. गुपित तारेवर जातच नाही. (खाजगी किल्लीलाही पासवर्ड लावा, लॅपटॉप चोरीला जातात.)

मी हे पहिल्यांदा केलं ते कुणीतरी लिहून ठेवलेल्या कमांड एकामागून एक चिकटवत. सगळं समजल्यासारखं वाटलं. पासवर्ड बंद केला, सर्व्हरशी जोडलेली खिडकी मिटली, आणि किल्ली चुकीच्या फोल्डरात असल्याने स्वतःच बाहेर राहिलो. जुनी खिडकी उघडी ठेवून दुसरीतून आधी शिरून पाहायचं असतं, एवढंही सुचलं नाही.

समजल्यासारखं वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र त्यांच्याकडे ४२ टक्के उरलं, आठवणाऱ्यांकडे ५६. आठवताना होणारी ओढाताणच स्मृती पक्की करते, आणि काय येत नाही तेही तिथेच उघडं पडतं.

तेव्हापासून मी संगणकातच एक आभासी यंत्र उभं करतो, कोऱ्या कागदावर पायऱ्या आठवून लिहितो, तशीच मांडणी करतो, मग अधिकृत माहितीशी ताडतो. यंत्र पुसून टाकतो. चार दिवसांनी पुन्हा, मग दोन आठवड्यांनी. खऱ्या सर्व्हरवर हे करू नका; तिथे कागद समोर हवाच.

तिसऱ्या फेरीत पायऱ्या बिनचूक आल्या. पासवर्ड बंद केल्याची ओळ जागेवर होती. तरी मुद्दाम पासवर्डनेच शिरायचा प्रयत्न केला, आणि आत गेलो! एसएसएच एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली नोंदच मानतं. माझ्या ओळीच्या आधी वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या फाइलमध्ये 'चालू' लिहिलेलं होतं.