मच्छीमार कैद्यांची देवाणघेवाण (भारत–पाकिस्तान)

सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून शेजारी देशाने पकडलेले मच्छीमार राजनैतिक वाटाघाटींतून परत आणण्याची पद्धत. 'देवाणघेवाण' हा शब्द रुळला असला, तरी भारत–पाकिस्तानात माणसाला माणूस असा रोख व्यवहार सहसा होत नाही. एक देश एक तुकडी सोडतो, दुसरा आपल्या सवडीने सोडतो. खरी हातोहात अदलाबदल जानेवारी 2025 मध्ये बांगलादेशाशी झाली. तेव्हा दोन्ही तटरक्षक दलांनी समुद्रातच 95 भारतीय आणि 90 बांगलादेशी मच्छीमार एकमेकांच्या ताब्यात दिले.

महाराष्ट्रातल्या ठाणे जिल्ह्याचा या विषयाशी संबंध किनाऱ्यामुळे आहे. डहाणू, तलासरी हे तालुके 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच होते. तिथले आदिवासी तरुण उचल घेऊन पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून हंगामाला जातात. गुजरात आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीचा वाद मिटलेला नसल्याने त्यापुढची सागरी सीमाही ठरलेली नाही; मासळीमागे गेलेली किंवा इंजिन बंद पडून वाहवलेली बोट पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडते. खलाशांना कराचीच्या न्यायालयात उभे करून मलीर तुरुंगात ठेवतात.

पुढचे काम 21 मे 2008 च्या वकिलाती संपर्क कराराने चालते. अटक लगेच कळवायची. तीन महिन्यांत कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचे. 1 जानेवारी आणि 1 जुलैला याद्या एकमेकांना द्यायच्या. 1 जुलै 2025 च्या यादीत भारताकडे 382 नागरी कैदी आणि 81 मच्छीमार होते, पाकिस्तानकडे 53 आणि 193. सुटकेची मुदत एक महिना आहे, पण ती शिक्षा संपणे आणि राष्ट्रीयत्व पक्के होणे या दोन्ही गोष्टी झाल्यावरच मोजली जाते. सगळे घोडे इथेच अडते. शिक्षा काही महिन्यांची आणि मुक्काम काही वर्षांचा, असे त्यामुळेच होते.

राष्ट्रीयत्वाची चौकशी परराष्ट्र मंत्रालयाकडून राज्याच्या गृहखात्यामार्फत जिल्हा पोलिसांकडे आणि तिथून गावच्या ठाण्यापर्यंत उतरते. खलाशी तुरुंगात आपले बोलावण्याचे नाव सांगतो, रेशनकार्डावर दुसरेच असते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. तिथून इंग्रजीत आणि मग मराठीत येईपर्यंत पाड्याचे नाव ओळखू येत नाही. त्यात बोटीची नोंदणी गुजरातेत आणि घर महाराष्ट्रात, म्हणजे दोन राज्यांची दप्तरे जुळवावी लागतात. आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती घरी ठेवणे आणि नाखव्याकडे (बोटीच्या मालकाकडे) खलाशांची पूर्ण नावांची यादी असणे, यानेच बराच वेळ वाचतो.

मध्यस्थाला इथे फारसा वाव नाही. 1971 च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे हितसंबंध स्वित्झर्लंडने सांभाळले होते. 1972 च्या सिमला करारापासून मात्र भारताचा आग्रह थेट बोलणीचा आहे. मध्यस्थीच्या सर्वांत जवळ गेली ती 2008 ची न्यायिक समिती. दोन्हीकडचे चार-चार निवृत्त न्यायाधीश तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत. आजारी, वृद्ध, स्त्रिया यांची प्रकरणे त्यांनी पुढे रेटली. ऑक्टोबर 2013 नंतर ती थंडावली, आणि ही उणीव कशानेच भरलेली नाही.

प्रत्यक्ष हस्तांतर वाघा–अटारीला होते. तुकडी मलीरहून लाहोरला आणतात, प्रवासासाठी पासपोर्टऐवजी तात्पुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतात. भारताच्या बाजूला सीमा सुरक्षा दल ताबा घेते, वैद्यकीय तपासणी आणि चौकशी होते, मग रेल्वेने गुजरात.

बोटी बहुतेक कराचीतच राहतात. नाखव्याचे भांडवल बुडते, खलाशाची त्या काळातली मजुरीही. तुरुंगात मृत्यू झाला तरी कागद तेवढेच लागतात. मार्च 2024 मध्ये कराचीत दगावलेल्या डहाणूच्या खलाशाचा मृतदेह गावी पोचायला महिन्याहून अधिक काळ गेला.