'आलिपिन' म्हणजे गुलाम? तगालोग चालीरीतींच्या एका जुन्या टिपणाची पार्श्वभूमी

फिलिपिन्सच्या राजधानीच्या, मनिलाच्या आग्नेयेला, लागुना सरोवराच्या दक्षिणेकडे नागकार्लान नावाचं गाव आहे. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं ऑक्टोबर १५८९ मध्ये तिथून त्या भागातल्या तगालोग लोकांच्या चालीरीतींचं एक टिपण मनिलातल्या वरिष्ठांना धाडलं. स्पॅनिशांनी मनिला घेतल्याला तेव्हा जेमतेम अठरा वर्षं झाली होती. स्पॅनिश यायच्या आधीचा तगालोग समाज कसा होता, हा प्रश्न निघाला की आजही बोट पहिल्यांदा याच टिपणावर पडतं. पुढे काहींनी त्याला 'फिलिपिन्सचा पहिला दिवाणी कायदा' म्हणायलाही कमी केलं नाही.

पण हे टिपण अभ्यास म्हणून लिहिलेलंच नव्हतं. ते कचेरीची गरज भागवण्यासाठी लिहिलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेल्या स्पॅनिश न्यायाधीशांपुढे रोज खटले येत: हा माणूस माझा, ही जमीन माझी, लग्न मोडलं तर दिलेलं सोनं परत कुणाला. निवाडा तिथल्या रिवाजानुसार करायचा असा हुकूम, आणि रिवाज काय ते न्यायाधीशाला ठाऊक नाही. म्हणून पाद्र्यानं निरनिराळ्या भागांतली जाणती म्हातारी माणसं गोळा केली, त्यांना विचारून विचारून लिहून काढलं. त्यात सगळ्यात नाजूक बाब होती गुलामांची. नव्या जगातल्या मूळ रहिवाशांना गुलाम करायला स्पेनच्या राजानं १५४२ मध्ये कायद्यानं बंदी घातली होती. पण फिलिपिन्सचे लोक आपापसात जी माणसं बाळगून होते त्यांचं काय? आणि मुळात त्यातली गुलाम कोण?

सगळा घोळ इथेच आहे. बारांगाय म्हणजे दातूच्या म्होरकेपणाखालची तीस ते शंभर घरांची वस्ती. तिच्यात दातूखाली पाद्री तीन थर सांगतो: महार्लिका म्हणजे जन्मानं मोकळे, आलिपिंग नामामाहाय आणि आलिपिंग सा गिगिलिद. शेवटच्या दोघांत 'आलिपिन' शब्द सामाईक आहे, आणि स्पॅनिश कानाला तेवढाच ऐकू आला. 'बाहाय' म्हणजे घर. नामामाहाय हा स्वतःचं घर करून राहणारा. तो धन्याला पिकातला ठरलेला, साधारण निम्मा वाटा देई, धनी परमुलखात निघाला की त्याची नाव वल्हवी. पण घर, जमीन, सोनं त्याचं स्वतःचं, आणि त्याच्यामागे ते त्याच्या मुलांचं. नामामाहायची विक्री करता येत नसे. धन्याचा मुलगा दुसऱ्या गावी राहायला गेला तरी नामामाहायला गावातून हलवता येत नसे. सा गिगिलिद मात्र धन्याच्या घरात राबणारा, आणि त्याची विक्री होऊ शके. 'गिलिद' म्हणजे कड.

पाद्र्यानं पहिल्यासाठी 'पेचेरो' म्हणजे कर भरणारी सामान्य रयत हा स्पॅनिश शब्द योजला आणि दुसऱ्यासाठी गुलाम. वर बजावलंही, की नावांच्या सारखेपणामुळे जे गुलाम नाहीत तेही गुलामांत धरले जात आहेत. न्यायाधीशांना फरक कळत नाही हे पाहून काही धनी नामामाहायची मुलं घरात आणून गिगिलिदसारखी राबवतात आणि कचेरीत 'आलिपिन आहे' एवढंच सांगून सुटतात. मला विचाराल तर अख्ख्या टिपणातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. आपल्याकडचा कूळ, वेठिया आणि बटीक यांना कुणी एकाच शब्दात कोंबलं तर केवढा गोंधळ होईल, तसंच हे. तरी नंतरच्या कित्येक लेखनात 'तगालोग समाजात दातू, सरदार आणि गुलाम असत' असं सरसकट वाक्य येतच राहिलं. लिहिणाऱ्यानं इशारा देऊन ठेवला होता, वाचणाऱ्यांनी तो ओलांडला.

हे थर पक्केही नव्हते. आई एका थरातली, बाप दुसऱ्या थरातला असेल तर मुलांची वाटणी होई: पहिलं, तिसरं, पाचवं बापाकडे, दुसरं, चौथं, सहावं आईकडे. बाप स्वतंत्र असेल तर त्याच्या वाट्याची मुलं स्वतंत्र, आईकडची आलिपिन. एकुलतं एक मूल असेल तर ते अर्धं स्वतंत्र, अर्धं आलिपिन. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या भावंडांत एक मोकळा आणि त्याच्या पाठचा बांधलेला. सोनं भरून सुटताही येत असे. गिगिलिदनं पाचेक ताएल (ताएल हे तिकडचं वजन) सोनं दिलं की तो नामामाहाय होई, दहा किंवा त्याहून जास्त दिलं की पूर्ण मोकळा. सुटकेच्या वेळचा एक विधी पाद्र्याला गमतीचा वाटला. सुटणाऱ्याचं स्वतःचं घर असेल तर त्यातलं किडुकमिडुक, मडकी-रांजणांसकट, धनी आणि तो निम्मं निम्मं वाटून घेत. एखादं मडकं विषम उरलं तर ते फोडत. कापडाचा एक तुकडा उरला तर तो मधोमध फाडत. गंमत कसली? हिशेब पुरता मिटला, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही, हे चारचौघांत दाखवायची यापेक्षा चांगली रीत मला तरी माहीत नाही.

लग्नात सोनं मुलाकडून मुलीच्या आईबापांकडे जाई, म्हणजे हुंड्याचा प्रवाह आपल्या उलटा. देवधर्माचा भाग पाद्र्यानं अर्थातच सैतानाच्या खात्यात टाकला आहे. त्यात बाथाला हा थोर देव, आनितो म्हणजे पूजेतले आत्मे आणि त्यांच्या मूर्ती, कातालोनान म्हणजे पुजारी-पुजारणी, शिवाय ताला ही चांदणी भेटते. बाथालामागे संस्कृत 'भट्टार' आणि तालामागे 'तारा' आहे हे मराठी वाचकाला लगेच पटावं. आजच्या तगालोगमध्ये 'मुखा', 'आसा', 'गुरो' हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत.

'महार्लिका'ही त्याच वाटेनं आलेला. मूळ 'महर्द्धिक', ऋद्धी-सिद्धीतली ऋद्धी ज्याच्याकडे मोठी तो. मलायमधला 'मर्देका' म्हणजे स्वतंत्र हा त्याचाच भाऊ. डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सुटका झालेल्या गुलामांना 'मार्डायकर' म्हणत, तेही इथूनच. पाद्र्याच्या टिपणात महार्लिका म्हणजे जन्मानं मोकळा, करमुक्त, पण दातूबरोबर लढाईला स्वखर्चानं जाणारा. लग्नानंतर त्याला बारांगाय बदलायचा असेल तर एक ते तीन ताएल सोनं आणि सगळ्या वस्तीला जेवण द्यावं लागे. आज हा शब्द ऐकून राजेपण डोळ्यांपुढे येतं, पण ते यात कुठेच नाही. पुढे पाद्र्यांनीच केलेल्या शब्दकोशांत तर हा शब्द 'मुक्त केलेला माणूस' या अर्थानं येतो.

विसाव्या शतकात मात्र त्याला मुकुट चढला. पुढे हुकूमशहा झालेल्या एका राष्ट्राध्यक्षानं, आपण दुसऱ्या महायुद्धात 'महार्लिका' नावाची गनिमी फौज चालवली असं आयुष्यभर सांगितलं. अमेरिकी लष्करानं तो दावा आधीच फेटाळला होता आणि ते कागद १९८६ मध्ये बाहेर आले. १९७८ मध्ये देशाचंच नाव महार्लिका करावं असा प्रस्ताव आला. २०१९ मध्ये दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षानं ती कल्पना पुन्हा बोलून दाखवली. २०२३ मध्ये सरकारी गुंतवणूक निधीला कायद्यानं हेच नाव मिळालं. 'आलिपिन'चं नाव मात्र कुणी कशाला देत नाही.

दरम्यान जमिनीनंही आपली साक्ष दिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लागुनातच, लुंबान नदीच्या मुखाजवळ, वाळू उपसणाऱ्यांच्या हाती एक काळवंडलेला ताम्रपट लागला. लिपी कावी (जावातली जुनी लिपी), भाषा बहुतांशी जुनी मलाय, त्यात संस्कृताची पेरणी. आरंभीचा मजकूर कुणाही पंचांगवाल्याला वाचता येईल असा: स्वस्ति, शक ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सनाच्या हिशेबानं २१ एप्रिल ९००. आपल्या हिशेबानं संकष्टीच. म्हणजे पाद्र्याच्या टिपणाआधी जवळजवळ सात शतकं.

विषयही सोन्याच्या देण्यातून सुटण्याचाच. नामवारान नावाच्या माणसावर एक काटी आणि आठ सुवर्ण (ही दोन्ही वजनं) इतकं सोनं देणं होतं. ते फिटल्याचा हा लेख तोंडोच्या (आज मनिलाचाच एक भाग) अधिकाऱ्यानं नामवारानची मुलगी आंकातान आणि तिचा भाऊ बुका यांच्या हाती दिला. नामवारानचे वंशजही त्यातून सुटले. पुढे केव्हाही कुणी येऊन कर्ज फिटलेलं नाही असं म्हणालाच तर, असं म्हणून वाक्य अर्ध्यावर थांबतं. तिथे ताम्रपटाची शेवटची ओळ संपते.