डिरेक्टरीच्या मालकीचा इशारा येतो कुठून?

आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकारावर अपग्रेड चालू असताना पॅकमन, म्हणजे पॅकेजेस (प्रोग्रामच्या फाइलींचे तयार संच) बसवणारा प्रोग्राम, कधीकधी मध्येच एक इशारा देतो: अमुक डिरेक्टरीची मालकी जुळत नाही, फाइलसिस्टिमवर १०२:०, पॅकेजमध्ये ०:१०२. पहिला आकडा युजरचा, दुसरा ग्रुपचा, आणि ० म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला मुख्य युजर. पोलकिटच्या (कोणत्या प्रोग्रामला कोणते अधिकार द्यायचे हे ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमांच्या डिरेक्टरीबाबत असा इशारा पुष्कळांना दिसला आहे. अपग्रेड व्यवस्थित पूर्ण होतं, म्हणून बरेच जण ती ओळ सोडून देतात. तसं करू नये.

मालकी आकड्यात का, याचं उत्तर जुनं आहे. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येच चोन (chown) ही मालक बदलणारी कमांड होती, आणि डिस्कवर मालकाचं नाव नव्हे तर क्रमांक लिहिला जाई, तोही एका बाइटमध्ये. पुढे तो १६ बिटांचा झाला, आणि २००१ च्या लिनक्स २.४ पासून ३२ बिटांचा. नाव मात्र आजही डिस्कवरच्या मालकीत नसतं. ते पासवर्ड फाइलमधून, म्हणजे युजरांच्या यादीतून, शोधलं जातं.

खरा गुंता सिस्टिम युजरांचा, म्हणजे माणसांऐवजी सेवांसाठी बनवलेल्या युजरांचा. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने ० ते ९९ क्रमांक सगळीकडे सारखे ठेवले, पण १०० ते ९९९ हे त्या त्या मशीनवर, पॅकेज बसेल त्या क्रमाने वाटले जातात. पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅब सांभाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: दोन मशीनवर तीच पॅकेजेस वेगळ्या क्रमाने बसवली, की एकीवरचा १०५ दुसरीवर भलताच कुणी असू शकतो, आणि एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीवरच्या) शेअरमध्ये मालक चुकीचा दिसतो. २०१४ मध्ये सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीबरोबर सिस-युजर्स (sysusers) हे साधन आलं. तेव्हापासून पॅकेजला आपला युजर आणि हवा असल्यास ठरलेला क्रमांकही एका छोट्या फाइलमध्ये सांगता येतो.

मग पॅकेज मॅनेजर मालकी स्वतःच का बदलत नाही? डेबियनच्या धोरणात याचं कारण स्पष्ट दिलं आहे. अपग्रेडमध्ये फाइलची मालकी दुरुस्त होते, पण आधीपासून असलेल्या डिरेक्टरीला डीपीकेजी (dpkg, डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) हात लावत नाही; नाहीतर यूएसआरसारख्या (/usr, जिथे बहुतेक प्रोग्राम असतात) सामायिक डिरेक्टरीची मालकी सतत बदलत राहिली असती. बदल हवाच असेल, तर पॅकेजच्या स्क्रिप्टने तो मुद्दाम करायचा. पॅकमनही जुनी डिरेक्टरी आहे तशीच ठेवतो, पण फरक बोलून दाखवतो. माझ्या मते हीच पद्धत जास्त प्रामाणिक आहे, कारण ती मालकी पॅकेज बनवणाऱ्याने बदलली की ॲडमिनने मुद्दाम, हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही.

म्हणून आधी इशाऱ्यातला क्रमांक कुणाचा आहे ते गेटेंट (getent) या कमांडने पाहावं आणि ती मालकी आपणच बदलली होती का, ते आठवावं. बदलली नसेल, तर पॅकेज सांगतं ती मालकी त्या एकाच डिरेक्टरीला द्यावी. परवानगीचे आकडे, म्हणजे कोण वाचू-लिहू शकतं हे सांगणारे ७५० की ७५५, वेगळे तपासावेत. त्यांचा इशारा वेगळा येतो. शेवटी पॅकमन -क्यूकेके (pacman -Qkk) चालवून त्या पॅकेजच्या नोंदी आणि डिस्क जुळतात का ते पाहावं.

चोनला -आर (-R, आतल्या सगळ्या फाइलींनाही लागू) लावून अख्ख्या यूएसआरवर मात्र कधीच चालवू नये. मालक बदलताना लिनक्स प्रोग्रामवरचा सेटयूआयडी बिट, म्हणजे तो प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण, काढून टाकतं. नंतर मालक पुन्हा रूट केला तरी तो बिट परत येत नाही, आणि सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम, चालायचं थांबतं.